रक्तात क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) १.९ आलंय म्हणून घाबरलात ना?

दादा, माझीही झोप नऊ वर्षांपूर्वी अशीच उडाली होती. पण नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, ईजीएफआर बघा, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाजे आकडा. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुमचा ४० आहे, म्हणजे किडनीच्या आजाराचा पाचपैकी तिसरा टप्पा. डायलिसिसचा विषय साधारण ईजीएफआर १५ च्या खाली गेला की निघतो, तोही त्रास बघून. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासलंत का? नसेल तर या आठवड्यात करा. किडनी गळतेय का, ते त्यातूनच कळतं.

बीपीचं यंत्र घरी आणा आणि आकडे वहीत लिहा. साखर असेल तर तीही.

आता माझा मूर्खपणा सांगतो. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून आठवडाभर घेतली. क्रिएटिनिन १.७ वरून थेट २.६! थोडं उतरलं, पण पूर्ण नाही. तेव्हापासून कुठलीही पेनकिलर, काढा, भस्म डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

लोणचं-पापड कमी करा, पण 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, ते कमजोर किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही. शेजारचे शहाळं घेऊन येतील, प्रेमानंच; पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत ते त्यांनाच पाजा. वाढलेलं निघालं तर बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा, पाणी फेकायचं. उगाच आधीपासून सगळं बंद करू नका, अशक्तपणा येतो. डाळ किती खायची ते आहारतज्ज्ञाला विचारा.

आणि हो, तपासणीसाठी रक्त देताना शक्यतो हाताच्या पंजावरची शीर द्या. ज्या हातानं लिहीत नाही तो (बहुतेकांचा डावा) जपा, पुढेमागे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन) करायची वेळ आली तर शक्यतो तोच लागतो.