अठराव्या शतकातले इटलीचे कॅथलिक संत आणि नीतिविचारक अल्फॉन्सस लिगोरी यांचा 'इक्विप्रॉबबिलिझम' (नैतिक नियम लागू आहे की नाही अशी शंका असताना काय करावं, याचं सूत्र) म्हणजे 'शंका असेल तर मोकळे' असंच ना?

नाही. तुम्ही म्हणताय तो साधा प्रॉबबिलिझम: नियमाच्या बाजूचं मत जास्त भक्कम असलं तरी चालेल, मोकळिकीच्या बाजूने बऱ्यापैकी आधार असलेलं एखादं मत मिळालं की झालं. लिगोरींनी 1749 आणि 1755 च्या निबंधांत त्याचीच बाजू घेतली होती. त्यामुळे तिथला उतारा उचलून तो त्यांचा अखेरचा निर्णय म्हणून देणारे हमखास फसतात. 1762 पासून त्यांनी वेगळी भूमिका मांडली.

नियमाची बाजू उघडच वरचढ असेल तर नियम पाळायचा, तिथे चर्चा संपली. दोन्ही बाजू जवळपास समसमान असतील तेव्हाच पुढचा प्रश्न: ताबा कोणाकडे, म्हणजे आधीपासून जागा धरून कोण आहे, नियम की मोकळीक? हा सरळसरळ वकिली मुद्दा आहे, आणि लिगोरी (जन्म 1696) नेपल्सचे वकीलच होते. सोळाव्या वर्षी कायद्याचे डॉक्टर झाले, 1723 मध्ये एक मोठा खटला हरल्यावर वकिली सोडली.

नवसाचं उदाहरण घ्या. नवस बोललो होतो की नुसतं मनात आलं होतं, अशी खरी शंका असेल तर बंधन नाही. बंधन लागलंच नव्हतं, ताबा मोकळिकीचा. पण बोललो हे नक्की आणि फेडला की नाही हीच शंका असेल, तर फेडायचा, ताबा नियमाचा. शंका तेवढीच, निकाल उलटा.

सगळ्यात मोठी चूक होते ती हे सूत्र नको तिथे लावल्याने. झुडपात हललं ते जनावर की माणूस, हे ठाऊक नसताना शिकाऱ्याने 'संभाव्य मता'वर (म्हणजे बऱ्यापैकी आधार असलेल्या मतावर) गोळी झाडायची नाही. मत कितीही भक्कम असलं तरी मेलेला माणूस उठत नाही. औषधोपचाराचं आणि बाप्तिस्म्यासारख्या ख्रिस्ती संस्काराच्या वैधतेचंही तेच: तिथे सुरक्षित मार्गच धरावा लागतो.

त्यांना 'सवलती वाटणारे' म्हणणं तर अन्यायच आहे. त्यांचं स्वतःचं शिक्षण फ्रांस्वा झने यांच्या नीतिशास्त्रावरच्या कडक पुस्तकावर झालं होतं. पुढे धर्मगुरू म्हणून खेड्यापाड्यांतल्या गरिबांचं पापनिवेदन (पापांची कबुली) ऐकताना तो कडकपणा चालेना, आणि तिथूनच त्यांचं मत बदलत गेलं. 'थिओलोगिया मोरालिस' हा त्यांचा नीतिशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ 1748 मध्ये आला तो बुझेनबाउम या जेझुइट लेखकाच्या पुस्तकावरच्या टिपा म्हणून. पुढे त्यांच्या हयातीतच नऊ आवृत्त्या निघाल्या, मजकूर दरवेळी सुधारत गेला. म्हणून उद्धृत करताना आवृत्ती तपासाच. लॅटिन येत असेल तर गोदे यांनी संपादित केलेली चार खंडांची प्रत (रोम, 1905–1912) वापरा, आणि सुरुवात सदसद्विवेकावरच्या पहिल्या प्रकरणापासून करा.