अ‍ॅनिमोमीटरमधला 'अ‍ॅनिमो' आपल्या नात्यातलाच

प्रश्न आलाय की विंड टनेलमध्ये (वारा सोडून चाचणी करायच्या बोगद्यात) विमानाच्या पंखावरून जाणारी हवा ज्याने मोजतात त्या लेझर डॉपलर अ‍ॅनिमोमीटरला 'वायुदाबमापक' म्हटलं तर चालेल का. अजिबात नाही! दाब मोजतो तो मॅनोमीटर, अ‍ॅनिमोमीटर वेग मोजतो, आणि ही गल्लत इतक्यांदा ऐकलीये की आता डोकं फिरतं. 'वायुवेगमापक' म्हटलं तर निदान चूक तरी नाही.

खरी गंमत 'अ‍ॅनिमो'त आहे. ग्रीक आनेमॉस म्हणजे वारा, मुळाशी श्वास घेणे या अर्थाचा धातू, आणि संस्कृतात तोच 'अन्'. प्राण, अपान, व्यान, उदान, समान सगळे त्याचेच, लॅटिनमधला अनिमा आणि त्यातून आलेला अ‍ॅनिमल पण त्याचाच, आणि आपला अनिलसुद्धा! 'ज्याला निलय (घर) नाही तो अनिल' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पंडितांनी एकदा उणादिसूत्रं (धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणारी संस्कृत व्याकरणातली सूत्रं) उघडून बघावीत, तिथे सरळ अन् धातूला इलच् प्रत्यय लावलाय. आणि ग्रीकांनी शब्द आपल्याकडून उचलला म्हणणारेही तितकेच चूक, ही भावंडं आहेत, बाप-लेक नव्हेत.

म्हणून मी म्हणतो, याला 'अनिलमापक'च म्हणावं. श्वास आत येतो, बाहेर जातो, दोन्ही दिशा 'अन्' या धातूत आहेत, आणि या यंत्राची करामत नेमकी तीच. दोन लेझर किरण छेदतात तिथे उजेड-अंधाराचे पट्टे पडतात, हवेत सोडलेला मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) तेलाचा थेंब त्यातून जाताना लुकलुकतो, पट्ट्यांत 5 मायक्रॉन अंतर असेल आणि लुकलुक सेकंदाला 1 कोटी वेळा तर वेग सेकंदाला 50 मीटर. पण एवढ्याने दिशा कळत नाही, मग ब्रॅग सेल (ध्वनिलहरींनी प्रकाशाची फ्रिक्वेन्सी बदलणारा भाग) वापरून एका किरणाची फ्रिक्वेन्सी, बहुतेकदा 40 मेगाहर्ट्झने, सरकवतात, पट्टे स्वतःच पळायला लागतात आणि थेंब पुढे चाललाय की मागे ते समजतं. पंख स्टॉल झाला, म्हणजे हवा त्याच्या पृष्ठभागापासून सुटली, की वरच्या बाजूला हवा उलटी फिरते, तिथे साध्या हॉट-वायरला (तापवलेल्या तारेने वेग मोजणाऱ्या अ‍ॅनिमोमीटरला) वेग कळतो पण उलट-सुलट कळत नाही, शिवाय ती तार मध्ये घुसून प्रवाह बिघडवते ते वेगळंच.

काही जण अ‍ॅनिमोमीटरऐवजी व्हेलॉसिमीटर, म्हणजे नुसतं वेगमापक, या नावाचा हट्ट धरतात, कारण 1964 मध्ये कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी पहिला प्रयोग केला तो पाण्यावर. असेल, पण पंखावर पाणी नाही, वारा वाहतो, तिथे अनिलच हवा.