त्याचा नंबर लागलाय, गुरुजी

नमस्कार गुरुजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा २८ वर्षांचा, पाच वर्षं पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहून एमपीएससीच्या राज्यसेवेचा अभ्यास करतोय, दोनदा मेन्सपर्यंत, म्हणजे मुख्य परीक्षेपर्यंत गेला, आता गट क मधून कर सहायक म्हणून निवड झालीय आणि तो म्हणतोय मी जॉइन होणार. तुमचं म्हणणं, त्याची जिद्द संपली, त्याला परत अभ्यासाला कसं बसवायचं ते सांगा.

खरं सांगू का, त्या प्रश्नापाशी मी पोचलेच नाही, त्याआधीच अडकले. तुम्ही लिहिलंय, निकालाच्या दिवशी त्याने आणलेला पेढ्यांचा बॉक्स मी फोडू दिला नाही, म्हटलं खऱ्या निकालाला फोडू, तो फ्रिजवर तसाच आहे. आणि पार शेवटी, जाता जाता, हल्ली तो जेवताना बोलत नाही आणि रात्री उशिरापर्यंत गच्चीवर एकटाच बसतो. पत्रात ही दोन वाक्यं एकमेकांपासून लांब आहेत पण मला ती शेजारी शेजारीच दिसतात.

निकालाचा दिवस या मुलांचा कसा असतो ते मी बघितलंय. पीडीएफ येते, उघडतात, सर्चमध्ये आपला बैठक क्रमांक टाकतात आणि स्क्रीनवर येतं की सापडला नाही. मग परत टाकतात, एखादा आकडा चुकला असेल म्हणून. तुमच्या मुलाने हे पाच वर्षं केलंय. यावेळी पहिल्यांदा शेवटच्या निवड यादीत नंबर सापडला, तो पेढे घेऊन एसटीने घरी आला आणि घरी कळलं की हा निकाल खरा नाही. गुरुजी, हे लागतं हो. नापास होण्यापेक्षा जास्त लागतं.

तुम्ही ज्याला जिद्द संपणं म्हणताय ते मला उलटं दिसतंय. कर सहायकासाठी नुसती लेखी नाही, टायपिंगची परीक्षा असते, मराठी मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४०. म्हणजे मेन्स हुकल्यावर हा मुलगा रडत बसला नाही, टायपिंगच्या क्लासला जाऊन शून्यापासून बोटं बसवली, तुम्हीच लिहिलंय की पहाटे सहाची बॅच होती. पडल्यावर उठणं याहून वेगळं काय असतं?

आता तुमच्या पत्रातला एक गैरसमज, जो पेठेतल्या प्रत्येक अभ्यासिकेत ऐकायला मिळतो. नोकरी लागली की माणूस सुस्तावतो, प्लॅन बी असला की प्लॅन ए होत नाही. मी हे अजिबात मानत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतोय ना, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं त्याने. तो २०१५ पासून रेल्वेत नोकरीला होता, तिकीट तपासनीस. त्याचे वडीलही शिक्षकच. नोकरीने त्याची बंदूक हातातून सुटली नाही, उलट दर महिन्याला येणारा पगार हा मोठा आधार असतो. तुमच्या मुलाला गेली पाच वर्षं खोलीभाडं, मेस आणि टेस्ट सिरीजचे पैसे दर महिन्याला तुमच्याकडे मागावे लागलेत, ते मागताना त्याचा किती अभ्यास खर्ची पडला असेल याचा हिशोब कुठल्याच वहीत नाही. बिनापगाराचं दडपण म्हणजे जिद्द नव्हे.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, नोकरी करताना ऑफिसला कळवून परीक्षा देता येते. मात्र २०२५ च्या परीक्षेपासून मेन्स वर्णनात्मक झालीय, म्हणजे सविस्तर उत्तरं लिहायची, लेखी १७५० मार्क आणि मुलाखत २७५, त्यामुळे पाच वर्षांचा पर्याय निवडायच्या प्रश्नांचा सराव जसाच्या तसा कामाला येणार नाही. द्यायची की नाही हे त्याने ठरवावं, आणि नाही म्हणाला तर तेही चालेल.

हो, चालेल. तुम्हाला ते पचणार नाही, कारण तुम्हीच लिहिलंय की तरुणपणी ही परीक्षा तुम्हीही दिली होती आणि धाकट्या भावंडांसाठी सोडून शाळेत रुजू झालात. मला ते वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मग तीस-बत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलात, गावातली अर्धी पिढी तुमच्या हाताखालून गेली, ते सगळं तुम्ही हार म्हणून मोजलंय का? तसं असेल तर मुलाच्या नोकरीकडेही तुम्ही त्याच नजरेने बघणार. ते अपुरं राहिलेलं तुमचं आहे, त्याच्या डोक्यावर देऊ नका.

त्याची यशाची व्याख्या त्याने तुम्हाला सांगितलीय, तुम्ही ती तक्रार म्हणून पत्रात उतरवलीय. 'अण्णा, मला आता महिनाअखेरीला तुमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.' बास. एवढीच आहे आज. दोन वर्षांनी मोठी होईल, बदलेल, होऊ द्या. गावात चारचौघांत सांगायला पदाचं नाव छोटं वाटत असेल तर तो चारचौघांचा प्रश्न आहे, त्याचा नाही.

आज रात्री गच्चीवर जा. समजवायला नको, नुसते शेजारी बसा, झोप लागते का, जेवण का जात नाही एवढं विचारा आणि तो बोलला तर मध्ये बोलू नका. उदासी फार वाटली, काही भलतंसलतं बोलला तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नियुक्तीच्या आदेशात रुजू व्हायची मुदत दिलेली असते, ती तारीख आधी बघून ठेवा, मेडिकल आणि कागदपत्रांत दिवस जातात. आणि फ्रिजवरचे पेढे आता खाण्यासारखे राहिले नसतील. उद्या तालुक्याला जाऊन ताजे आणा, यावेळी तुम्ही आणा.