प्रश्नोत्तरे : ‘अहिंसा परमो धर्मः’ आणि पुढचा चरण

प्रश्न : ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’ असा गीतेतील श्लोक आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर वरचेवर येतो. धर्मासाठी केलेली हिंसाही परमधर्मच, असे गीता खरोखर सांगते काय?

उत्तर : हा श्लोक गीतेत नाही. पहिला चरण महाभारतात अनेक ठिकाणी येतो. अनुशासनपर्वात तर त्यापुढे अहिंसा हाच श्रेष्ठ दम (म्हणजे इंद्रियसंयम), श्रेष्ठ दान आणि श्रेष्ठ तप असल्याचे म्हटले आहे. ‘धर्महिंसा’ हा चरण मात्र मागाहून कोणीतरी जोडलेला दिसतो.

याचा अर्थ परंपरेने बळाचा वापर सर्वस्वी निषिद्ध मानला, असा नव्हे. धर्म्य युद्धाहून क्षत्रियाला श्रेयस्कर दुसरे काही नाही, असे गीतेच्या 2ऱ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. पण 3ऱ्या अध्यायात ‘विगतज्वर’ होऊन, म्हणजे आशा, ममत्व आणि मनाचा ताप टाकून लढण्याची अटही आहे, आणि श्लोक पाठवणारे नेमकी तीच विसरतात. मनुस्मृतीच्या 7व्या अध्यायात विषारी बाण वर्ज्य आहेत. हात जोडलेल्या, शस्त्र मोडलेल्या किंवा निजलेल्या शत्रूवर प्रहार करण्यासही मनाई आहे. अश्वत्थाम्याने पित्याच्या वधाचा सूड म्हणून झोपलेल्या पांचालांना मारले, तेव्हा त्याच्यापाशी कारण होते, श्रद्धाही होती. त्याने आधी शंकराची आराधना केली होती. तरीही महाभारत त्या कृत्याला युद्धधर्म मानत नाही. उलट पांडवांकडूनही नियम मोडले गेले, हे व्यास लपवत नाहीत : भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारताच बलराम नांगर उगारून धावला.