वाहनशंका: टर्बो बदलला, तरी निळा धूर

प्रश्न: माझी २०१३ची १२४८ सीसी डिझेल हॅचबॅक १ लाख ६० हजार किलोमीटर चालली आहे. सिग्नलला किंवा टोलनाक्यावर दोन-तीन मिनिटं उभी राहून निघाली की मागे निळ्या धुराचा लोट सुटतो. हायवेला लागली की धूर दिसत नाही. हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑइल टाकावं लागतं. मिस्त्रींनी टर्बो बदलला, पंधरा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. आता हाफ इंजिन करू म्हणतात. करावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर: इतक्यात हाफ इंजिनसाठी (रिंगा, बेअरिंग बदलायला) इंजिन खोलू नका. धूर नेमका कधी येतो हे तुम्ही लिहिलंत, त्यात अर्धं निदान झालं. पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचं बोअर गेलेलं इंजिन लोडवर जास्त धूर काढतं. घाट चढताना, गाडी भरलेली असताना आरशात मागचं दिसेनासं होतं. तुमच्याकडे उलट आहे. आयडलला ऑइल कुठेतरी साचतं आणि रेस दिली की जळून बाहेर पडतं. हे बहुतेक टर्बोच्या (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) एक्झॉस्टच्या बाजूने झिरपणारं ऑइल आहे. मग नव्या टर्बोनेही तेच का करावं?

बऱ्याच जणांना वाटतं की टर्बोच्या शाफ्टला क्रँकसारखं रबरी ऑइल सील असतं. तसं काही नसतं. दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारख्या बारीक धातूच्या कड्या असतात आणि ऑइल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या फरकाने. बेअरिंगला ऑइल पंपाच्या दाबाने मिळतं: गरम इंजिनला आयडलवर साधारण एक-दीड बार, रेसवर तीन-चार बार. पण बेअरिंगमधून सुटलं की त्याला ढकलणारं कोणी नाही. फेसाळलेलं ऑइल खालच्या जाड ड्रेन पाइपातून केवळ उतारावर चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) परत जातं. तो पाइप अर्धवट तुंबला, किंवा चेंबरमध्येच गॅसचा दाब वाढला, की ऑइल टर्बोत वर तुंबतं आणि कड्यांवरून बाहेर येतं. आयडलला एक्झॉस्टचा दाब कमी असल्याने त्याला अडवायलाही कोणी नसतं. अशा जागी कितीही नवा टर्बो बसवा, तो गळणारच.

तेव्हा तपासणी स्वस्तापासून महागाकडे न्या. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. तो चोंदला असेल तर कंप्रेसरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या पंख्याच्या) तोंडाशी ओढ तयार होऊन ऑइल हवेच्या बाजूला खेचलं जातं. डिपस्टिक सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पाहा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर आधी तेवढं काढा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा समज टर्बोच्या गाडीत महागात पडतो.

मग ब्लो-बाय, म्हणजे रिंगांवरून चेंबरमध्ये उतरणारा गॅस. इंजिन पूर्ण गरम, आयडलवर. ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि भकाभक वाफ आली तर चेंबरमध्ये दाब आहे. पण इथेच ‘रिंगा गेल्या’ असा निकाल देऊ नका. ब्रीदरचा (चेंबरमधला गॅस बाहेर सोडणाऱ्या वाटेचा) होज इनटेकच्या बाजूने काढा, इनटेकचं उघडं तोंड रबरी टोपीने बंद करा (चिंधी कोंबू नका, आत ओढली जाईल) आणि झाकण पुन्हा ठेवून पाहा. काढलेल्या होजमधून फारसं काही येत नाही आणि झाकण अजूनही उडतंय, तर ऑइल सेपरेटर (गॅसमधलं ऑइल वेगळं करणारा भाग) किंवा ब्रीदरचा रस्ता बंद आहे; तो साफ होतो किंवा बदलता येतो. होजमधूनच भट्टीसारखा धूर येतोय, तर रिंगांकडे बोट जातं. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट करा. या मापाच्या डिझेलला चांगल्या अवस्थेत २५ बारच्या आसपास किंवा वर आकडा यावा. त्याहून महत्त्वाचं, चारही सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. हाफ इंजिनचा निर्णय या आकड्यांवर घ्या, धुराच्या रंगावर नाही.

आमचा पहिला संशय मात्र ड्रेन पाइपवर आहे. दोन्ही टोकं सोडून पाइप हातात घ्या आणि आरपार बघा. आत कोळशासारखी काळी खपली असते, किंवा त्याहून वाईट, मागच्या कामात फ्लँजला लावलेल्या सिलिकॉन पेस्टची आत दाबून निघालेली कड. अशी दोन-तीन मिलिमीटरची कड वाटेत आली की काम बिघडतं. तिथे कंपनीचं पॅकिंगच घाला, पेस्ट अजिबात नको. पाइप रबरी असेल तर उष्णतेने आतून फुगलेला किंवा दुमडलेला नाही ना ते दाबून पाहा. ऑइल देणारा बारीक पाइप साफ करत बसण्यापेक्षा नवा घ्या. त्याच्या बँजो बोल्टमध्ये (आतून पोकळ बोल्टमध्ये) जाळी असेल तर तीही बदला. ती चोंदली की बेअरिंग कोरडं चालतं आणि टर्बो खरोखरच जातो.

टर्बो उघडाच आहे तर शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित खेळ असणं बरोबर आहे, कारण ते बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं. मागेपुढे खेळ हाताला जाणवता कामा नये. पंख्याची पाती हाउसिंगला घासल्याची चमकदार खूण दिसली तर कोअर (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग) बदलावा लागेल. बाजारात कोअर घेताना तो मशीनवर बॅलन्स केल्याचा कागद मागा.

बसवताना नव्या तांब्याच्या वॉशर, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवं. टर्बोच्या ऑइल येण्याच्या तोंडात पिचकारीने ताजं ऑइल सोडून शाफ्ट हाताने फिरवा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत मारा. मग चालू करून काही मिनिटं नुसतं आयडल.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) विसरू नका. आत ऑइलचा पातळ थर सगळ्याच गाड्यांत असतो, पण उलटा केल्यावर कपभर सांडलं तर तो धुऊन पूर्ण वाळवलाच पाहिजे. डिझेल इंजिन हवेतून आलेल्या ऑइलवरही पळतं आणि तेव्हा चावी बंद करून ते थांबत नाही, रेस आपोआप चढत जाते. असं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून टॉप गिअर टाका आणि क्लच झटकन सोडून इंजिन बंद पाडा. इनटेकचं तोंड हाताने झाकायला जाऊ नका. जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन लांब व्हा. दुरुस्तीनंतर सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळेपर्यंत शे-दोनशे किलोमीटर थोडा धूर राहील. त्यानंतर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून हजार किलोमीटरनी पुन्हा मोजा.

प्रश्न: १ लिटर टर्बो पेट्रोल, ५५ हजार किलोमीटर. खंडाळ्याचा घाट गिअरवर उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर. एकदा डिपस्टिक आपोआप वर आलेली दिसली. आयडलला शिट्टीही वाजते.
– एक वाचक, पनवेल

उत्तर: शिट्टी आणि डिपस्टिक, दोन्ही खुणा पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (चेंबरमधला गॅस इनटेककडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आहेत. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, थ्रॉटल बंद असतं आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ असते. पीसीव्हीतला रबरी पडदा फाटलेला असेल तर त्या ओढीने चेंबरमधली ऑइलची वाफ थेट सिलिंडरात जाते. चढावर उलटं घडतं. टर्बोचा दाब मॅनिफोल्डमधून मागे जाऊ नये म्हणून या रस्त्यात एकदिशी व्हॉल्व्ह असतो. तो अडकून उघडा राहिला की बूस्टचा दाब चेंबरमध्ये भरतो आणि डिपस्टिक वर येते. टर्बोतून ऑइल गळायलाही तेवढं पुरतं.

इंजिन आयडलवर ठेवून ऑइलचं झाकण उचलून पाहा. जोरात ओढून धरलेलं वाटलं आणि झाकण काढताच शिट्टी थांबली, तर पडदा फाटला. अनेक इंजिनांत पीसीव्ही वरच्या प्लास्टिक कव्हरमध्येच असतो, त्यामुळे अख्खं कव्हर घ्यावं लागतं. तरीही टर्बोच्या मानाने हे काम किरकोळ.

पीसीव्ही ठीक निघाला तर व्हॉल्व्हची ऑइल सीलं बघा. त्यांचा धूर उतारानंतर येतोच, शिवाय रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताना एक भपकारा येऊन थांबतो. सीलं हेड न उतरवता बदलता येतात: पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून पाच-सहा बार हवा सोडली की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत. हवेने क्रँक फिरू नये म्हणून तो आधी अडकवून घ्यायचा. हे काम धूर काढणाऱ्या टर्बो पेट्रोलमध्ये लांबवू नका, कारण जळालेल्या ऑइलमधल्या फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो.

प्रश्न: बीएस-६ डिझेलमध्ये ऑइल कमी न होता डिपस्टिकवर वाढतंय. चांगलं लक्षण का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. डीपीएफमधली (एक्झॉस्टमधल्या गाळणीतली) काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. शहरातल्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत हे काम दरवेळी अर्धवट राहतं आणि काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं, आणि पातळी चढत गेली तर ब्रीदरमधून ऑइल हवेच्या वाटेला लागतं. वरची खूण ओलांडली असेल तर थोडं काढून भागवू नका, मुदत राहिली असली तरी पूर्ण ऑइल बदला. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, डीपीएफला चालणारं कमी राखेचं ऑइल घ्या. आठवड्यातून एकदा घोडबंदर रोड रिकामा असताना तिसऱ्या-चौथ्या गिअरवर २० ते २५ मिनिटं सलग चालवा. एवढं करूनही पातळी वाढत राहिली तर इंजेक्टरचं लीक-ऑफ (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) तपासून घ्या.