पाय होते, रस्ता होता

कोल्हापूर

प्रिय लेकरास,
सप्रेम सलाम.

बुधवारच्या बायबल-अभ्यासात तू जे विचारलंस, त्याचं उत्तर चारचौघांत देत बसलो असतो तर ते तोंडदेखलं झालं असतं. म्हणून लिहितोय. तुझं म्हणणं असं की, गावानं पणजीला जन्मानंच विटाळ ठरवलं, ती मिशनच्या आवारात आली, आणि तिथं तिला काय सांगितलं? तू जन्मतःच पापी. मग फरक काय पडला?

इतकी वर्षं मंडळीचा, म्हणजे आपल्या चर्चचा, वडील आहे, पण हा प्रश्न इतका उघड मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

फरक उतरंडीचा आहे. विटाळाला कुणीतरी वरचा लागतो आणि कुणीतरी खालचा. बायबलातलं रोमकरांस पत्र काढून बघ. प्रेषित पौल आधी परराष्ट्रीयांची, म्हणजे यहूदी नसलेल्यांची, पापं मोजतो. ऐकणारे यहूदी माना डोलवत असणार. मग तो त्यांच्याकडे वळतो आणि तिसऱ्या अध्यायात सगळ्यांना एका ओळीत उभं करतो: नीतिमान कोणी नाही, एकदेखील नाही. त्या ओळीत जोशी, पाटील, तुझी पणजी सगळे खांद्याला खांदा लावून. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांचं मिशन पुढं प्रेस्बिटेरियन पंथाकडं गेलं. त्या शिकवणीप्रमाणे साहेबही त्याच ओळीत. सगळ्याच साहेबांच्या ते ध्यानात राहिलं असेल असं नाही म्हणा. आपल्या तरी कुठं राहिलंय? स्थळ बघताना ‘मूळचे कुठले, कोणत्यातले’ हे आपण अजून हळूच विचारतो.

1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात आले, ते ही उतरंड मोडायलाच. त्या कामाच्या आड मूळ पापाची, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असल्याची, शिकवण येत नाही. आड येतो तो ‘तू पापी’ म्हणणारा माणूस. ही शिकवण ‘मी’ने सुरू झाली नाही, तर तिचा पुन्हा विटाळच होतो. तुझ्या पणजीला ती बहुधा ‘तू’ने सांगितली गेली. त्याबद्दल तुला राग आला असेल, तर तो मला चुकीचा वाटत नाही.

आता याच शिकवणीला आपल्याकडं ‘संपूर्ण भ्रष्टता’ म्हणतात, त्या शब्दाबद्दल. शब्द फार कडक आहे आणि त्यानं गैरसमजच जास्त केलेत. माणूस जितका वाईट होऊ शकतो तितका झालाय, असं धर्मसुधारक कॅल्विनच्या, म्हणजे आपल्या, परंपरेत कुणी म्हणत नाही. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पितोस ना? त्या पेल्यात मिठाचा खडा पडला तर दुधाचं मीठ होत नाही, दूधच राहतं. पण ज्याला मीठ लागलेलं नाही असा घोट उरत नाही. बुद्धी, भावना, इच्छा, आपली प्रार्थनासुद्धा, सगळ्यांना ती चव आहे. ‘संपूर्ण’चा अर्थ एवढाच.

म्हणून 2019 च्या महापुरात लोकांनी ओळखपाळख नसलेल्यांसाठी चुली पेटवल्या, ते चांगलं नव्हतं असं कुणी या शिकवणीच्या नावानं सांगू लागला, तर त्याचं ऐकू नकोस. त्या चांगुलपणाला आपण सर्वसाधारण कृपा म्हणतो, देवानं सगळ्यांनाच दिलेली. डॉर्टच्या धर्मसभेनंही पतनानंतर, म्हणजे आदाम पापात पडल्यानंतर, माणसात निसर्गदत्त प्रकाशाची काही किरणं उरली आहेत, हे मान्य केलंय. ही सभा 1618-19 ची, नेदरलँड्समधली, आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांच्या पाच कलमांवर निवाडा करायला भरलेली. गंमत म्हणजे, माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही हे त्या अनुयायांच्या तिसऱ्या कलमातही होतंच. खरा वाद पुढचा होता, की आलेली कृपा माणूस परतवून लावू शकतो का. तो आत्ता राहू दे.

तुझा दुसरा प्रश्न मला जास्त झोंबला: जमतच नाही, तर दोष कसला? जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन धर्मपंडितानं 1754 साली यावर एक भेद मांडला: करता न येणं वेगळं आणि करावंसंच न वाटणं वेगळं. तो मला पुस्तकातून कळला नाही, बांधावरून कळला.

धाकट्या भावाशी माझं बांधावरून बिनसलं. अकरा वर्षं बोललो नाही. त्याच्या दारी जायला मला काय कमी होतं? पाय धड होते, रस्ता होता, केएमटीची बस होती. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि जाता आलं नाही, तर त्याला दोष कोण देईल? माझी अडचण तसली नव्हती. मला जायचंच नव्हतं. आणि ‘जावंसं वाटू दे’ असं स्वतःला फर्मावून वाटत नाही, हेही खरं. प्रार्थना करायचो, पण दावा आपल्या बाजूनं लागावा म्हणून. असमर्थता म्हणतात ती ही. दार बाहेरून बंद नव्हतं, आतून मीच कडी धरून बसलो होतो. म्हणून जमतही नव्हतं आणि दोषही माझाच होता.

मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी भाकर पुढं आली आणि माझा हात उचलेना. त्या दिवशी वेगळं काय घडलं, सांगता येत नाही. उपदेशही रोजचाच होता, थोडा कंटाळवाणाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेलो. कुणी ढकललं नाही. डॉर्टमध्ये म्हटलंय तसं, कृपा माणसाला दगड-ओंडक्यासारखं वागवत नाही. गेलो मीच, माझ्या मर्जीनं. पण ती मर्जी आदल्या दिवसापर्यंत माझ्या घरात नव्हती, एवढं मी शपथेवर सांगेन.

‘मग उपदेश कशाला करायचा’ असंही तू विचारलं होतंस. त्या कंटाळवाण्या उपदेशाला मी बसलो नसतो, तर ती भाकर माझ्यापुढं आली नसती.

तुझं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. रविवारी उपासनेनंतर घरी ये, योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचून ये, आणि पणजीबद्दल आईला जे आठवतं ते विचारून ये. धाकट्याकडून यंदाच्या गुळाची ढेप आलीय, अर्धी तुमच्या घरी न्यायची आहे.

तुझा,
मंडळीतला काका