वाचकांचे प्रश्न : काठावरून गळ टाकणाऱ्याने कोणता फिश फाइंडर घ्यावा?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र रविवारी दारणा आणि मुकणे धरणांच्या फुगवट्यावर रीतसर परवानगी घेऊन गळाने मासेमारी करतो. आमच्याकडे होडी नाही. काठावर बसून पेंडीच्या गोळ्यावर रोहू, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) धरणे एवढाच आमचा छंद आहे. आता फिश फाइंडर, म्हणजे ध्वनी सोडून पाण्याखालचे दाखवणारे यंत्र, घ्यावे असे मनात आहे. दुकानदार मोठ्या पडद्याचे, दोन्ही बाजूंचे चित्र दाखवणारे यंत्र सुचवतो, तर आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, पाण्यात फेकायचा चेंडूच्या आकाराचा सोनार (असाच ध्वनीवर चालणारा छोटा फिश फाइंडर) आम्हाला पुरेसा आहे. किमतीत मोठी तफावत असल्यामुळे निर्णय होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते केवळ किमतीमुळे नव्हे. दुकानदार सुचवतो ते यंत्र होडीसाठी बनवलेले असते. त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनी सोडणारा व परतलेला ध्वनी टिपणारा भाग, होडीच्या मागच्या बाजूला पाण्याखाली बसवावा लागतो. शिवाय बाजूंचे चित्र एकेका अरुंद पट्टीने जुळत जात असल्यामुळे ते नीट उमटण्यासाठी होडी संथ आणि सरळ चालत राहावी लागते. काठावर बसणाऱ्याने ते घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. फेकता येणारा सोनार तंगूसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) किंवा विणलेल्या दोरीला बांधून हवा तिथे टाकता येतो, सावकाश ओढत आणता येतो आणि त्याचे चित्र आपल्या मोबाइलवर दिसते. आपल्या प्रकारच्या मासेमारीला तेवढेच लागते.

तथापि, या यंत्राकडून काय अपेक्षा ठेवावी हे आधीच स्पष्ट असलेले बरे, कारण बहुतेकांची निराशा यंत्र खराब निघाल्यामुळे होत नाही, तर ते मासा दाखवील आणि मासा गळाला लागेल या समजुतीमुळे होते. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १४८० मीटर वेगाने जातो. ८ मीटर खोल तळावरून त्याचा प्रतिध्वनी सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात परत येतो आणि या वेळेवरून यंत्र खोली काढते. माशाचा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीवरून येतो. सोडलेला ध्वनी खाली जाताना टॉर्चच्या झोतासारखा पसरतो, आणि यंत्राला फक्त त्या झोतात सापडलेलेच दिसते. झोत १५ अंशांचा असेल तर ८ मीटर खोलीवर तो जेमतेम २ मीटर रुंदीचा तळ पाहतो. ५५ अंशांचा असेल तर ८ मीटरपेक्षा थोडा अधिक. रुंद झोत अधिक पाहतो म्हणून तोच चांगला असे मात्र समजू नये. रुंद झोतात तळाचा पहिला प्रतिध्वनी बरोबर खालून येतो आणि कडेचा प्रतिध्वनी उशिरा पोहोचतो; त्यामुळे ८ मीटर पाण्यात झोताच्या कडेला तळापासून जवळजवळ १ मीटर उंचीपर्यंत असलेला मासा पडद्यावर तळाच्याच रेघेत मिसळून जातो. अरुंद झोतात ही हानी काही सेंटिमीटरांपुरतीच असते.

आता ही गोष्ट आपल्या माशांना लावून पाहा. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. पृष्ठभागाखाली १ मीटरवर १५ अंशांचा झोत पाव मीटरच्या आसपासच रुंद असतो, म्हणजे सोनारच्या अवतीभोवती फिरणारे कटले त्याला दिसण्याची शक्यता फार थोडी. मृगळ आणि चिखलात तोंड घालून चरणारा सायप्रिनस तळाच्या रेघेला चिकटलेले असतात. राहिला रोहू, तो मात्र बऱ्यापैकी दिसतो. मरळ तर काठच्या गवतात, हात दीड हात पाण्यात असते, आणि तिच्यासाठी सोनार काढण्याची गरजच नाही. त्यामुळे यंत्रातील माशाचे चिन्ह दाखवण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी असे माझे मत आहे. पाण्यात अर्धवट तरंगणारी फांदी, तळातून सुटलेले बुडबुडे किंवा पानांचा पुंजका यांपैकी कशालाही ती मासा ठरवते आणि खोलीचा आकडाही ठामपणे लिहून देते.

मग हे यंत्र घ्यायचे कशासाठी? तळासाठी. धरणाचा तळ सपाट नसतो. त्यात नदीचे जुने पात्र असते, पात्राची तुटलेली दरड असते, बुडालेल्या शेतांचे बांध, जुन्या वाटा आणि बाभळींचे खुंट असतात. मासे अशा उंचसखल जागांच्या कडेने वावरतात, आणि पेंडीचा चारा अशा कडेच्या माथ्यावर पडला की गाळात पडण्यापेक्षा निश्चितच अधिक कामी येतो. सोनार काठाकडे सावकाश ओढत आणताना खोली ६ मीटरवरून एकदम ३ मीटरवर आली तर दरड सापडली असे समजावे. तळ कठीण आहे की मऊ, हेही कळते : मुरूम किंवा खडक असेल तर रेघ ठळक उमटते आणि पुष्कळदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी, फिकी रेघ दिसते, कारण ध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये दोनदा ये-जा करून आलेला असतो. काळ्या मातीच्या गाळावर ही दुसरी रेघ सहसा दिसत नाही. चारा टाकण्यासाठी मी गाळाच्या कडेचा मुरूम निवडीन.

पडदा वाचताना नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो तो एका गोष्टीत. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडे जे दिसते ते होऊन गेलेले असते. सोनार पाण्यात एका जागी तरंगत असेल आणि पडद्यावर लांबच लांब आडवी रेघ उमटली तर तो लांबलचक मासा नसून एखादा मासा, किंवा बुडालेली फांदी, झोतात बराच वेळ थांबून राहिलेली असते. ज्या कमानीच्या आकाराच्या खुणा जाहिरातीत दाखवतात त्या मासा किंवा सोनार सरकत असताना उमटतात, कारण झोतात शिरताना आणि बाहेर पडताना माशाचे अंतर अधिक असते व तो मध्याशी येतो तेव्हा सर्वांत कमी.

खरेदी करताना जीपीएस असलेलेच मॉडेल घ्यावे. एकाच कंपनीच्या सर्व मॉडेलांत तो नसतो. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता खोक्यावरचा मजकूर वाचावा. जीपीएस असला की फेक आणि ओढ करत काठावरूनच तळाचा नकाशा तयार होतो. मोबाइलशी जोडणी वायफायची असावी. ब्लूटूथचा पल्ला लांबच्या फेकीला तोकडा पडतो. झोत किमान दोन प्रकारचे, एक अरुंद आणि एक रुंद, असावेत. डीपर प्रो प्लस या मॉडेलात, उदाहरणार्थ, २९० किलोहर्ट्झवर १५ अंशांचा आणि ९० किलोहर्ट्झवर ५५ अंशांचा झोत मिळतो. चर्प तंत्राचे यंत्र एका वारंवारितेऐवजी वारंवारितांचा एक पट्टा सोडते आणि त्यामुळे जवळजवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दाखवू शकते. बजेटात बसले तर घ्यावे, पण त्यासाठी जीपीएस सोडू नये. या चेंडूचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हलक्या रॉडने तो जोरात फेकला तर रॉडचे टोक तरी मोडते किंवा तंगूस तुटून चेंडू धरणाला अर्पण होतो. त्यासाठी जाड विणलेली दोरी भरलेला एक वेगळा, दणकट रॉड ठेवावा. चित्र मध्येच तुटत असेल तर मोबाइलचा डेटा बंद करावा आणि फोन हातात उंच धरावा, कारण चेंडूची अँटेना पाण्याच्या पातळीलगत असल्यामुळे खाली बसलेल्या माणसापर्यंत लहरी नीट पोहोचत नाहीत.

नकाशावर तारीख आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहून ठेवण्यास विसरू नये. आपल्या धरणांची पातळी गणपती-दसऱ्याला असते आणि मे महिन्यात असते यांत कितीतरी मीटरांचा फरक पडतो, आणि ऑक्टोबरातली ७ मीटरची जागा उन्हाळ्यात पायी चालत जाण्याची होते. याचाच एक फायदा, ज्याला पैसे पडत नाहीत, तो असा : एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पडलेल्या तळावर सकाळच्या वेळी चालत जावे आणि बांध, खुंट, विहिरींचे कठडे, मुरमाच्या पट्ट्या यांच्या जागा मोबाइलच्या नकाशावर टिपून घ्याव्यात. ओल्या गाळात मात्र पाऊल टाकू नये. वरून सुकलेला दिसणारा गाळ माणसाला कमरेपर्यंत ओढतो. ज्याने हे केले आहे त्याला सोनार पावसाळ्यानंतर केवळ खात्री करण्यापुरता लागतो, आणि खरे सांगायचे तर आपण तिघांनी येत्या उन्हाळ्यात हे केल्यावरच यंत्र घेण्याचा निर्णय करावा.

प्रश्न : सोनारच्या आवाजाने मासे पळून जात नाहीत का? तसेच पावसाळ्यात गढूळ पाण्यात हे यंत्र चालते का?
– एक वाचक, इगतपुरी

उत्तर : रोहू-कटल्याच्या कुळातील माशांची श्रवणशक्ती चांगली असली तरी ती काही हजार हर्ट्झपर्यंतच पोहोचते, आणि या यंत्रांचा ध्वनी सत्तर-ऐंशी हजार हर्ट्झच्या पुढचा असतो. तो त्यांना ऐकू येत नाही. मात्र उथळ पाण्यात चेंडू धप्पकन पडल्याचा आवाज त्यांना नक्की ऐकू येतो; म्हणून चाऱ्याच्या जागेवर थेट न फेकता पलीकडे फेकून ओढत आणावा, आणि चारा टाकण्यापूर्वीच तळ पाहून घ्यावा. गढूळपणाने ध्वनीला विशेष अडथळा होत नाही. अडथळा होतो तो बुडबुड्यांचा : ओहोळ जिथे फेसाळत धरणात शिरतो तिथे पडदा ठिपक्यांनी भरून जातो. तिथून थोडे बाजूला सरकावे.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू आणि कटला सोडले आहेत. किती मासे शिल्लक आहेत हे फिश फाइंडरने मोजता येईल का?
– एक शेतकरी वाचक, सिन्नर

उत्तर : येणार नाही. शेततळे ४ मीटर खोल धरले तरी अरुंद झोत तळाशी जेमतेम १ ते दीड मीटर रुंद असतो, आणि तोच मासा पुन्हा पुन्हा झोतात आला तर प्रत्येक वेळी नवा दिसतो. रुंद झोत लावला तर तो प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर आदळून चित्र बिघडवतो. त्यापेक्षा दर महिन्याला फेकजाळे टाकून हाती आलेल्या माशांचे वजन करावे व ते लिहून ठेवावे. त्यावरून वाढ कळते आणि खाद्याचा हिशेबही बसवता येतो. जाळे टाकताना कागद फाटणार नाही, याकडे मात्र लक्ष द्यावे. जाळ्याच्या शिशाच्या मण्यांना तीक्ष्ण कडा असतील तर त्या आधी घासून घ्याव्यात.